आत कोण कोण असतं

आमची दीपमाला एका जागी बसत नाही. जेवायला बसली तरी तिचा एक पाय हलत असतो, पुस्तक घेतलं की पेन बोटांत फिरत असतो, आणि फोनवर बोलताना तर स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या चालूच. तिचे आजोबा रेल्वेत होते. ते म्हणायचे, "ही पोरगी शंटिंगचं इंजिन आहे. कुठली गाडी ओढायची ते ठरलेलं नाही, तोवर पुढं जा, मागं ये."

पण एक गोष्ट मी तिच्या लहानपणापासून बघत आलेय. काहीतरी राखायला सांगितलं की ही पोरगी दगडासारखी गप होते. दुधावर लक्ष ठेव म्हटलं आणि दूध उतू गेलं, असं तिच्या हातून कधी झालं नाही. माझ्या हातून झालंय. सुनेच्या हातून तर आठवड्याला होतं. तिनं हे वाचलं तर वाचू दे, शेगडी तिलाच पुसावी लागते.

दीपमाला दहावीत असताना तिचे आजोबा न्हाणीत पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं त्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्याच्या बोळात बसलो होतो. समोर दोन फळ्यांचं मोठं दार, वर लाल दिवा. मी मनातल्या मनात त्रिसरण म्हणत होते. माझा मुलगा अमरदीप भिंतीला टेकून नुसता घाम पुसत होता. ही पोरगी सकाळपासून बोळात येरझाऱ्या घालत होती, ती त्या दारासमोर येऊन थांबली.

"आजी, आत कोण कोण असतं?"

"डॉक्टर असतात."

"डॉक्टर एक. मघापासून कितीतरी जण आत गेले. ते कोण?"

मी अमरदीपकडं बघितलं. अमरदीप म्हणाला, "स्टाफ असतो."

"स्टाफ म्हणजे काय करतो?"

"स्टाफ म्हणजे स्टाफ. गप बस गं जरा."

खरं सांगायचं तर आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घराण्यात त्या दाराच्या आत जो गेला, तो आडवा होऊन गेला. उभ्यानं कुणी गेलंच नव्हतं, तर सांगणार कोण?

आजोबांना बाहेर आणल्यावर ती त्यांच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि सलाइनचे थेंब बघत राहिली. ना पाय हलला, ना फोन काढला. बाटली संपत आल्याचं सिस्टरच्या आधी तिला कळायचं. आजोबा पुढं काठी घेऊन दोन वर्षं हिंडले-फिरले, मग तापाचं निमित्त होऊन गेले. पण ते दार काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. अकरावीला तिनं बायॉलॉजी घेतलं तेव्हा आमच्या अमरदीपनं त्याचा अर्थ एकच घेतला. पोरगी डॉक्टर होणार.

इथं आमच्या लोकांची एक खोड सांगायला पाहिजे. आम्ही मराठवाड्यातली माणसं, पोटासाठी हैदराबादला आलो आणि काचीगुड्याच्या आजूबाजूला राहिलो. आमचा एक छोटा विहार आहे. जयंतीला तिथं फ्लेक्स लागतो. वर बाबासाहेब, मध्ये बुद्ध, आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. अमरदीप तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. बारावीनंतर त्याला पुढं शिकायचं होतं, पण घराची ओढाताण होती, नोकरी धरावी लागली. ती ठसठस त्याच्या मनात असणारच. नीटची परीक्षा अजून व्हायची होती, आणि यानं एप्रिलच्या फ्लेक्सवर पोरीचा फोटो देऊन टाकला. फोटोवाल्यानं कुणाच्या तरी पांढऱ्या कोटावर आमच्या पोरीचं डोकं बसवलं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला आणि खाली लिहिलं: भावी डॉक्टर कु. दीपमाला.

मला तो कोट बघूनच कळलं होतं की माप बरोबर नाही. पण बापाची हौस. मी म्हटलं, राहू दे.

परीक्षा झाली, निकाल आला आणि रँक अशी आली की घरात त्या दिवशी कुणी टीव्ही लावला नाही. पोरीनं अभ्यास केला नव्हता असं नाही. पण लाखो पोरं बसतात, त्यातली काहीच वर येतात, बाकीची कुठं जातात ते कुणी फ्लेक्सवर लिहीत नाही.

विहाराचे अध्यक्ष नामदेवराव, मनाचा भला माणूस. पण त्यांना सवय लागली होती. रस्त्यात दिसली की हात जोडून मोठ्यानं, "जय भीम, डॉक्टरीणबाई!" निकालानंतरही तेच. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं ना. दीपमाला रविवारी विहारात यायची बंद झाली. दूध आणायलाही मागच्या गल्लीतून जायला लागली.

मग घरात रोजची कचकच सुरू झाली. अमरदीपचं म्हणणं, लाँग टर्म लावू. म्हणजे वर्षभर होस्टेलात टाकायचं, पहाटेपासून रात्रीपर्यंत घोकायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचं. सुनेचं, रेणुकाचं म्हणणं, नर्सिंगला घाला. ती एका शाळेच्या ऑफिसात आहे, तिथल्या दोन बायकांच्या मुली नर्स होऊन चांगल्या लागल्या. आणि पोरीनं कुठून तरी तिसरंच काढलं.

"ओटी टेक्नॉलॉजी, पप्पा. बी.एस्सी.च आहे. अ‍ॅनेस्थेशिया आणि ऑपरेशन थिएटर."

"म्हणजे टेक्नीशियन?"

"हो."

"परवा आपला एसी बघायला आला होता, तो पण टेक्नीशियनच होता की!"

"पप्पा, प्लीज."

"मी काय खोटं बोललो? लोकांना काय सांगू? डॉक्टर होणार होती, आता मशीन पुसते?"

रेणुका भाकरी थापत होती, ती तिथूनच म्हणाली, "लोकांना सांगायची घाई तुम्हालाच झाली होती. पोरीनं सांगितलं नव्हतं फोटो द्या म्हणून."

यावर अमरदीप जेवण अर्धं टाकून उठला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं. बाप झाला तरी रुसायची पद्धत बालवाडीतलीच.

दुसऱ्या दिवशी पोरीला जवळ बसवून मी म्हटलं, "दीपा, मला नीट सांग. मी चौथी नापास आहे असं धरून सांग."

"तू चौथीपर्यंत गेलीच नव्हतीस आजी."

"मग तर अजून सोपं करून सांग."

तिनं सांगितलं. त्या दाराच्या आत जायचे तीन रस्ते. डॉक्टरचा रस्ता तिला ठाऊकच होता, तो एवढा लांब आणि दारातच गर्दी. दुसरा नर्सिंगचा. त्यात चार वर्षं सगळे वॉर्ड, लहान मुलांचा, बाळंतिणींचा, खेड्यापाड्यातही पाठवतात, आणि मग कधीतरी ऑपरेशनच्या खोलीत उभं राहायला मिळतं, डॉक्टरच्या हातात हत्यारं द्यायला. मिळेलच असंही नाही. तिसरा हा टेक्नॉलॉजीचा. हा पहिल्यापासून त्याच खोलीचा. भूल देणाऱ्या डॉक्टरच्या बाजूला राहायचं, यंत्रं लावायची, बघायची. पण त्या खोलीच्या बाहेर मग दुसरीकडं कुठं जागा नाही.

"मग तुला काय करायचंय?"

"मला आत जायचंय."

"आत जाऊन काय करायचंय?"

तिचा पाय हलायचा थांबला. "तेच तर कळेना आजी. सोमवारी वाटतं नर्सिंग, मंगळवारी वाटतं टेक्नॉलॉजी. मम्मी बोलली की मम्मीचं खरं वाटतं. पप्पा गप बसले की पप्पांचं खरं वाटतं. शनिवारी वेब ऑप्शन लॉक करायचेत, म्हणजे कोर्स आणि कॉलेजं ऑनलाइन निवडून पक्की करायची. नाही केले तर पप्पा लाँग टर्मची फी भरणार."

"त्या फोनवर बघ ना. सगळं दिसतं म्हणतात."

"तिथं सगळे हसत असतात आजी. कॉलेजवालेच टाकतात व्हिडिओ. खऱ्या ऑपरेशनला कुणी हसत उभं राहील का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कूस बदलली, पाणी प्यायले, पंखा कमी केला, जास्त केला. पोरीचं आयुष्य शनिवारी ठरणार, आणि घरात एकालाही ठाऊक नाही की त्या खोलीत कोण काय करतं. आम्ही म्हणजे घोडा न बघता खोगीर निवडायला बसलेली माणसं.

आणि एकदम मला माझा उजवा डोळा आठवला.

त्यात मोतीबिंदू होऊन बरेच दिवस झाले होते. कोठी भागात डोळ्यांचा एक दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कधीही या, करून टाकू. अमरदीप मागं लागून लागून थकला होता. मी म्हणायचे, एका डोळ्यानं दिसतंय तेवढं पुरे आहे, दोन्हीनं बघण्यासारखं राहिलंय काय? सकाळी चहा पिताना मी जाहीर केलं, "माझं ऑपरेशन करून टाका. याच आठवड्यात."

अमरदीपच्या हातातला पाव चहात पडला. "माय, बरं नाही का तुला?"

"बरं आहे म्हणून तर म्हणते."

रेणुका हुशार, तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "आत्या, तुमचं काहीतरी वेगळंच चाललंय."

"काही नाही. आत कोण कोण असतं ते बघून येते," मी म्हटलं. दीपमाला हसली. निकालानंतर पहिल्यांदा हसली असेल.

गुरुवारची वेळ मिळाली. दीपमाला माझ्यासोबत आली. आत एका बाकावर आम्हा म्हाताऱ्यांची रांग लावली होती, सगळ्यांना हिरवे झगे, डोक्याला हिरव्या टोप्या. आरसा नव्हता ते बरं झालं. माझ्या शेजारी एक तेलुगु बाई होती, पार्वतम्मा. मी पार्वतीबाई. तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगु जेमतेम. पण सुनांबद्दलची आमची मतं एकाच भाषेतली निघाली.

डोळ्यात थेंब टाकायला एक मुलगी फिरत होती. सगळे तिला भामा म्हणत होते. मी कामाला लागले.

"बेटी, तुम क्या पढे?"

"नर्सिंग, अम्मा. वर देखो, आँख खुली रखो."

"ऑपरेशनके कमरेमें लगेच आये क्या?"

"पहले वॉर्ड में थी अम्मा. बात नक्को करो, दवा बाहर आ रही."

मी डोळा मिटून घेतला, पण तोंड मिटलं नाही. तिथून जो जाईल त्याला विचारलं. एक झाडूवाली, एक वॉर्डबॉय आणि एक जण लाइट बघायला आलेला. शेवटी भामानं पार्वतम्माला विचारलं म्हणे, ही बाई सरकारी चौकशीला आलीय का?

मग मला आत नेलं. ती खोली! मी डोळे ताणून बघायला लागले, कोपऱ्यात काय आहे, कोण कुठं उभं आहे, आणि तेवढ्यात मला आडवं केलं, डोळ्याच्या कडेला सुई दिली आणि तोंडावर कपडा टाकला. झालं. बघायला म्हणून आले आणि डोळेच झाकले. एवढा खटाटोप करून मी त्या खोलीत फक्त छताचा एक तुकडा आणि गोल दिवा पाहिला.

मग कान उघडे ठेवले. माझ्या बोटाला एक चिमटा लावला होता, आणि डोक्याच्या मागं कुठंतरी एक यंत्र टुक, टुक, टुक करत होतं. सावकाश, घड्याळासारखं. त्या यंत्राजवळ एक माणूस होता, आवाज सर्दी झालेला. डाव्या हाताला भामा. डॉक्टरीणबाई वर कुठंतरी बसलेल्या, त्यांची खुर्ची करकरली.

भामा मोठ्यानं म्हणाली, "अम्मा, आपका नाम बोलो."

"पार्वतीबाई."

"कौनसी आँख?"

"उजवी. सीधी."

"आपके पति का नाम?"

आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

आता तरुण मुली हसतील. पण माझ्या वयाच्या बायकांना विचारा. धम्म घेतला तेव्हा आम्ही पुष्कळ काही सोडलं. देव सोडले, उपास सोडले, अंगात येणं सोडलं. पण नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची लाज सुटली नाही. लिहायला काही वाटत नाही, उत्तमराव, हे बघा लिहिलं. पण बोलायचं म्हटलं की माय माझ्या तोंडावर हात ठेवते असं वाटतं. त्यांना जन्मभर 'अहो' म्हटलं, ते नसताना 'अमरदीपचे बाबा' म्हटलं. पेन्शनच्या ऑफिसात अमरदीप नाव सांगतो, मी नुसती मान हलवते. इथं मान कापडाखाली.

"अम्मा? पति का नाम?"

मी म्हटलं, "अमरदीप के पिताजी."

"वो नाम नहीं अम्मा. नाम बोलो."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "क्या हुआ?"

"मॅडम, आज दो पार्वती हैं. बाजूवाली का लेफ्ट आय है. अम्मा खुद बोले बगैर मैं ओके नहीं बोलूंगी."

मला वाटलं, आता भामाला ओरडा बसणार. घाईचा जमाना, बाहेर एवढी रांग लागलेली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सही है. तू ओके बोलेगी तबतक मैं रुकती हूँ." आणि खरंच खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. सगळी खोली माझ्या नवऱ्याच्या नावासाठी थांबली.

माझ्या छातीत धडधडायला लागलं आणि त्याबरोबर ते मागचं यंत्रही चेकाळलं. टुकटुकटुकटुक. सर्दीवाला माणूस लगेच म्हणाला, "मॅडम, पल्स भाग रही. अम्मा डर गये. रुको जरा." मग माझ्या कपाळाजवळ वाकून हळू म्हणाला, "कायकू घबरारे अम्मा? आराम से. लंबी साँस लो. किसीको जल्दी नै."

मी श्वास घेतला. एक, अजून एक. आणि मला आठवलं की आमच्यात नाव घ्यायची एक वाट आहे. लग्नात घेतलं होतं, डोहाळेजेवणात घेतलं होतं, त्यानंतर कधी वेळ आली नव्हती. मी कापडाखालून मोठ्यानं म्हटलं,

"हिरवी टोपी, हिरवा झगा, डोळ्यावर आली जाळी,
उत्तमरावांचं नाव घेते ऑपरेशनच्या वेळी."

खुर्ची करकरली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इन्होंने अभी गाना गाया क्या?"

"नहीं मॅडम," भामा म्हणाली, "पति का नाम बोले. उत्तमराव. मॅच है. ओके मॅडम." आणि मला म्हणाली, "अम्मा, क्या शायरी बोले!"

यंत्र पुन्हा टुक, टुक, टुक करायला लागलं. पुढचं काही सांगण्यासारखं नाही. दुखलं नाही. रंगीत पाण्यात बघितल्यासारखं झालं आणि संपलं. ते गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्यांचं नाव तोंडानं घेतलं होतं, ते असं परक्या माणसांत. कापडाखाली थोडं रडूही आलं, पण डोळ्याच्या दवाखान्यात ते कुणाला वेगळं दिसणार?

मला चाकाच्या खुर्चीवरून बाहेर आणलं त्या सर्दीवाल्यानंच. चाळिशीचा, बुटका, डोळ्याखाली मास्कचा वळ. मी म्हटलं, "तुम क्या पढे बेटा?"

"ओटी टेक्नॉलॉजी, अम्मा."

"अच्छा है क्या?"

तो हसला. "मेरी भैन नर्स है अम्मा. उसकू सब पैचानते, रस्तेमें नमस्ते करते. मेरेकू कोन पैचानता? बडे ऑपरेशनमें पेशंट सोके रैता ना. उठता तबतक मैं दूसरेके पास."

ऑटोत बसल्या बसल्या दीपमालानं विचारलं, "सांग. काय बघितलंस?"

"बघितलं काहीच नाही. ऐकलं." आणि मी सगळं सांगितलं. भामाचं तर चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. डॉक्टर थांबली म्हटलं, नर्सनं हो म्हणेपर्यंत डॉक्टर थांबली! रेणुकाचं खरं आहे, पोरी. नर्सिंग घे.

"ते यंत्र कधी जोरात वाजायला लागलं?" तिनं विचारलं.

"कुठलं? ते होय? मी घाबरले तेव्हा."

"तू बोललीस का, घाबरले म्हणून?"

"नाही. तोंड शिवल्यासारखं झालं होतं."

"मग त्यांना कसं कळलं?"

"यंत्रावरून कळलं असेल."

"यंत्र तर सगळ्यांनाच ऐकू येत होतं. बोललं कोण?"

मी विचार केला. "तो सर्दीवाला बोलला."

"कधी? लगेच, का थोड्या वेळानं?"

असं तिनं मला चादरघाटपासून काचीगुड्यापर्यंत खोदलं. तो कुठं उभा होता, त्याचा हात कुठं होता, नंतर तो काय म्हणाला. 'मेरेकू कोन पैचानता' हे तर तिनं दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं, तिला वाईट वाटतंय. मी म्हटलं, "तेच तर म्हणते. असल्या कामात नाव नाही, ओळख नाही."

"हो," ती म्हणाली. आणि बाहेर बघत बसली. ऑटो खड्ड्यांतून उडत होता, माझा हात पट्टीवर होता, पण पोरीचा पाय हलत नव्हता. मी दुसऱ्या बाजूचा रस्ता बघत बसले. म्हातारपणी एवढं कळतं की दूध तापतंय तेव्हा झाकण उघडून बघू नये.

शनिवार उजाडला. मी काळा चष्मा लावून बैठकीत बसले होते. अमरदीप घरीच होता आणि कुणाशी बोलत नव्हता. लाँग टर्मच्या होस्टेलचा कागद त्यानं टीव्हीपाशी ठेवला होता, सगळ्यांना दिसेल असा. रेणुकानं दुपारी विचारलं, "काय टाकलंस गं?"

दीपमाला लॅपटॉपपुढं बसली होती. "आधी ओटी टेक्नॉलॉजी. जेवढी कॉलेजं आहेत तेवढी. खाली नर्सिंग."

रेणुकानं श्वास सोडला. "आत्यांनी एवढं सांगितलं त्या भामाबद्दल, तरी?"

"मम्मी, भामाला सगळ्यांशी बोलावं लागतं. मला नाही तेवढं जमत. मला बघत बसायला जमतं."

ती आता बटण दाबणार, एवढ्यात कळलं की बटण दाबून होत नाही. ओटीपी लागतो आणि फॉर्मवर नंबर बापाचा. अमरदीपच्या खिशात फोन वाजला, टिंग. त्यानं काढला नाही.

"पप्पा, ओटीपी."

तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"पप्पा, थोडाच वेळ असतो तो."

"एक वर्ष," तो म्हणाला. तोंड खिडकीकडंच होतं. "एकच वर्ष अजून बसली असतीस दीपा. मला कुणी बस म्हणालं असतं तर मी दहा वर्षं बसलो असतो."

"मला माहीत आहे पप्पा."

"मग?"

"मी तुमच्यासाठी बसले असते. पण पुस्तकात मला समोर माणूस दिसतच नाही. आजोबांना बाहेर आणलं तेव्हा मी रात्रभर बसले होते, कुणी सांगितलं होतं का बस म्हणून?"

अमरदीपनं खिशाला हात लावला नाही. लॅपटॉपवर लाल अक्षरं आली, ओटीपीची वेळ संपली. माझ्या छातीत पुन्हा ते गुरुवारचं यंत्र सुरू झालं, फरक एवढाच की इथं ऐकणारा कुणी नव्हता. मी म्हणणार होते, अमरदीप, दे रे. पण म्हटलं नाही. बाप-लेकीच्या मध्ये म्हातारीनं पडायचं नसतं, पडलं की खुबा मोडतो.

दीपमालानं पुन्हा दाबलं. पुन्हा टिंग.

अमरदीपनं फोन काढला, चष्मा शोधला, तो कपाळावरच होता. फोन लांब धरला, जवळ धरला. आणि एकेक आकडा वाचायला लागला, ऑफिसात फाइल वाचावी तसा, सावकाश. शेवटचा आकडा वाचून म्हणाला, "झालं?"

"झालं, पप्पा."

त्यानं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "आता मला समजावून सांग. लोक विचारतील. मला सांगता आलं पाहिजे."

"भूल दिलेला पेशंट बोलू शकत नाही. दुखतंय म्हणू शकत नाही, घाबरलो म्हणू शकत नाही. डॉक्टर भूल देतात, आणि त्यांच्या सोबत कुणीतरी सारखं त्याच्याकडं बघत राहतं. श्वास, नाडी, सगळं. मी ते करणार."

"म्हणजे पेशंट झोपलेला असतो," अमरदीप हळूहळू म्हणाला, "आणि आमची मुलगी जागी असते."

"हो. तसंच सांगा."

त्यानं ते पुन्हा एकदा ओठातल्या ओठात म्हणून बघितलं. मग, मला वाटलं धीर आहे तोवर उरकून घ्यावं म्हणून असेल, नामदेवरावांना फोन लावला. "जय भीम, अध्यक्ष साहेब. आमच्या दीपमालाचं ठरलं. ते, म्हणजे, डॉक्टरचं नाही. ते ओटी, अ‍ॅनस, अ‍ॅनिस..." आणि अडकला. कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, आता ठेवतो की काय.

दीपमालानं उठून त्याच्या हातातून फोन घेतला. जी पोरगी या माणसाला चुकवायला मागच्या गल्लीतून जात होती, ती मोठ्यानं म्हणाली, "जय भीम काका. नाही, डॉक्टर नाही. मी पेशंटच्या डोक्याशी उभी राहणार आहे. हो, आतच. ऑपरेशनच्या खोलीतच."

पलीकडून ते बराच वेळ काहीतरी विचारत होते. ती सांगत होती. अमरदीप तिच्या तोंडाकडं बघत होता, पाठ करत असल्यासारखा.

"नाही काका, सीट अजून मिळाली नाही," ती शेवटी म्हणाली. "आत्ता फक्त ऑप्शन टाकलेत. यादी पुढच्या आठवड्यात लागेल."

रेणुकानं आणि मी एकमेकींकडं बघितलं. या सगळ्या गडबडीत सीटचं आम्ही दोघी विसरूनच गेलो होतो.